फारमावरची सातवी सई

आक्का,

गुरुजी मनले, शोकसभेत वाचायला चार ओळी लिहून दे. तुमी कुठं जन्मल्या, किती शिकल्या, सरपंच कवा झाल्या, ते सगळं ते सोता सांगनार हायेत. मी मनले, मंग मी काय लिहू? ते मनले, तुला आठवतंय ते लिही, तू आक्काच्या जवळची होतीस. त्यांना काय म्हाईत आक्का, मी कसली जवळची होते ते.

स्वराच्या अंगनवाडीच्या वहीत मागून लिहायला लागलेय. आठवीपस्तोर शाळा, मंग लगीन, एवढं लांब कधी लिहिलं न्हाई, पळत आल्यावानी दम लागतोय. पैल्यांदा एक लिहून टाकते. मला लई भ्या वाटतंय. सकाळी मतदान झालं, दुपारी ह्ये चालवतेत तो पान्याचा टँकर मालकाला, भाऊसाहेबाला, त्यांच्या शेतावर परत द्यायला गेले, ते अजून आले न्हाईत. मी उंबऱ्यात बसलेय, एक डोळा वहीत, एक डोळा रस्त्याला. स्वरा मांडीवर लोळतीय आन इचारतीय, आई कुनाला लिहितीस? मी मनले, आक्काआजीला. मनती, आजी तर मेली.

तुमच्या शोकसभेला आधी परवानगी मिळाली न्हाई, आचारसंहिता हाय मनले, मतदान होऊ द्या. तुमी असत्या तर कमरंला पदर खोचून तसीलदाराला इचारलं असतं, "सायेब, रडायला बी परवानगी लागती का? कोन्ता फारम भरायचा?" हे मनात आलं आन मला हसू आलं आक्का, तुमी जाऊन धा दिवस न्हाई झाले आन मी हसले. मंग लई येळ रडले.

मांजरसुंब्याच्या चौकात तुमी पडल्या ते मला पान्याच्या रांगंत कळलं. बारा वाजताचं ऊन, तुमी उभ्या राहून एस.टी.च्या खिडकीतून तुमच्या निशानीचं, बादलीचं, चित्र वाटत होत्या. ढाब्यावरच्या मानसांनी उचललं, डोक्यावर पानी वतलं, जीपमधी घातलं, बीडला पोचायच्या आधीच संपलं सगळं. लोकं काय काय बोलतेत. मी न्हाई बोलत. ऊनच होतं ते. मी तुमच्याबरोबर उसाच्या फडात दोन हंगाम काढलेत, तुमी पानी प्यायच्याच न्हाई. मी तांब्या पुढं केला की मनायच्या, एवढी मोळी बांधू दे. त्या चौकात तांब्या घिऊन मी असायला पायजे होते. तसं ठरलंच होतं आपलं. तुमी एकल्या कावून होत्या ते मला म्हाईत हाय, दुसऱ्या कुनाला न्हाई. तेच लिहायला बसलेय, आन त्याच्याकडंच जायला हात तयार न्हाई.

आधी स्वराचं लिहिते. फडात भर दुपारी माझं पोट दुखायला लागलं, मुकादम मनला गाडी भरल्याबिगर कुनी जायचं न्हाई. तुमी त्याच्या अंगावर कोयता घिऊन गेल्या. "गाडी तू भर बे, मी बाळातपन करते!" कोपीच्या झोपडीत पाचटावर लुगडं हातरलं, चार बाया आडव्या उभ्या केल्या, आन तुमच्या हातात माझी पोरगी आली. कारखान्यावर डॉक्टर न्हाई, नर्स न्हाई. मी मनले, आक्का, मी मरते का? तुमी मनल्या, "मर की, पन आधी पोरीला पाज." आजबी तुमचं ते बोलनं आठवलं की छातीत दूध आल्यावानी व्हतं.

तवापासून तुमचं एकच चालू होतं. कारखान्यावर बाळातपनाला एक नर्स पायजे, एक खोली पायजे. सरपंच झाल्यावर तर तुमी त्याच्या मागंच लागल्या.

सरपंच तुमाला भाऊसाहेबानी केलं. टँकर त्यांचे, शाळा त्यांची, सोसायटी त्यांची, सरपंचाची जागा बाईची निघाली तवा त्यांना गप बसनारी बाई पायजे होती. तुमी एक वरीस गप बसल्या. त्यांचा मानूस कोरे कागद आनायचा, तुमी सई करायच्या. मंग एकदा कळलं की तुमच्या सईनं एक रस्ता झालाय. तुमी मला घिऊन तो रस्ता बघायला गेल्या. तिथं नुसत्या बाभळी. तुमी काट्यात उभ्या राहून मनल्या, "शितल, मी एवढा चांगला रस्ता केला आन मलाच म्हाईत न्हाई." हसत होत्या, पन हात मुठी झालते.

त्या दिवसापासून कोरा कागद बंद. बचत गटात बी तुमी तोच कायदा लावला. कोन्ताबी कागद आला की आधी मोठ्यानं वाचायचा, मंग सई. आठवी शिकलेली मनून वाचायला मी. बायांना घरी जायची घाई असायची, सुमनकाकू तर रोज कुरकुर करायची, "वाच की पटापटा, माझी भाकर करपती." तुमी मनायच्या, "करपू दे. करपलेली भाकर खाता येती, सई परत घेता येत न्हाई."

हे लोकांनी इसरू नये आक्का. वाचल्याबिगर सई न्हाई, हे बोलनं तुमचं होतं.

मंग लोकसभा. तुमी नर्ससाठी ग्रामसेवकाकडं गेल्या, तो मनला वरून ठरतं. बीडिओ मनला वरून ठरतं. कलेक्टर हापिसात गेल्या, तिथं बी वरून. मुंबईला कागद धाडला, त्याचं उत्तर आलं, इषय केंद्राचा हाय का बघावं लागंल. तुमी माझ्या घरी आल्या, दुपारची येळ, स्वरा माझ्या खांद्यावर झोपलेली. मनल्या, "वर वर जाता जाता दिल्ली लागली. आता मदी कुठं थांबू? मी खासदारकीला उभी राहते."

मी मनले, "आक्का, ग्रामपंचायतीत पंखा बसवायला तुमाला सा महिने लागले. दिल्लीत काय करनार?"

"दिल्लीत पंखा असतोय बसवलेला."

"तुमी पडनार."

"पडंन की. पडायला बी आधी उभं राहावं लागतं, बाई." आन पिशवीतून फारम काढला. अपक्षाला धा सूचक लागतेत, मतदार यादीतले, धा जनांच्या सह्या. सा झाल्या होत्या. तुमी फारम माझ्यापुढं ठिवला आन मनल्या, "वाच."

स्वरा झोपली होती मनून मी मोठ्यानं न्हाई वाचला. मनात वाचला. बोट ठिवून ठिवून वाचला. लोकसभा हे वाचलं. तुमचं नाव वाचलं. सूचक वाचलं, तुमाला इचारलं बी, सूचक मंजी काय? तुमी मनल्या, "मंजी मी सांगते की ही बाई चांगली हाय, हिला उभं राहू द्या." मला लई बरं वाटलं आक्का. माझ्या सांगन्यानं कोनतरी उभं राहनार. आजपस्तोर मला कुनी इचारलं न्हवतं कोन चांगलं हाय ते. मी सई केली. सातवी.

ह्यांना सांगितलं न्हाई. सांगंन, सांगंन मनत राहिले.

तुमाला बादली निशानी मिळाली, तुमी लेकरावानी खूश. "घरोघरी माझा परचार लटकलेला हाय!" भाऊसाहेबाच्या मानसांनी दोन घरच्या बायांना बादल्या आत ठिवायला लावल्या, गाव हसून हसून मेलं. तवा भ्या न्हवतं. तवा वाटायचं, खेळ हाय.

मंग एका दुपारी दत्ताभाऊजी आले. आमचा चुलत दीर, भाऊसाहेबाचं सगळं काम बघतो तो. ह्ये जेवत होते. त्यानं मोबाईल पुढं धरला. तुमचा फारम होता, सगळ्यांना बघता येतो मनं तो. "वैनी, तुमी तर लई मोठ्या झाल्या की. सात नंबरला तुमची सई!"

ह्यांनी घास खाली ठिवला. मला कधी मारत न्हाईत ह्ये, तुमाला म्हाईत हाय. पन त्यांचं तोंड पांढरं पडलं. टँकर भाऊसाहेबाचा, आमची चूल त्या टँकरवर. "ही तुझी सई हाय?" मनले.

आन माझ्या तोंडातून निघालं, "मला काय म्हाईत? आक्का मनल्या बचत गटाचा कागद हाय, मी केली."

आक्का, इचार न्हाई केला मी. तव्यावर हात लागला की मागं घेतोत ना, तसं निघालं. निघाल्यावर परत घेता आलं असतं. दत्ताभाऊजी दारातच होता, ह्ये उठले न्हवते. मी पान्याचा तांब्या भरून ह्यांच्यापुढं ठिवला आन गप बसले.

ह्ये तसेच चौकात गेले. मी मागं मागं, स्वराला काखंत घिऊन. तुमी पारावर बायांशी बोलत होत्या. ह्ये वरडले, "आक्का, माझ्या अडानी बायकूला फसवून सई घेतली तुमी?" तुमी माझ्याकडं बघितलं. लई येळ न्हाई, घागर उचलायला लागतो तेवढाच येळ. मला वाटलं आता सांगतेत. मला वाटलं धरनी फाटंल तर बरं.

तुमी मनल्या, "व्हय रे बाबा. फसवलं. पोरीला काईबी म्हाईत न्हाई, तिला बोलू नको."

सुमनकाकू मनली, "अगं आक्का, तू?" आन तुमी मान खाली घातली. आक्का, तुमी मान खाली घातली.

कावून? हे मला तुमाशी भांडायचं होतं आन ते ऱ्हाऊन गेलं. कावून घेतलं अंगावर? खरं बोलल्या असत्या तर ह्ये आठ दिवस बोलले नसते, टँकर गेला असता, गेला तर गेला. तुमी मला लेकरू समजल्या. मी लेकरू न्हवते, मला लेकरू होतं, मनूनच भेले, पन ते माझं मी निस्तरलं असतं. निस्तरलं असतं का? म्हाईत न्हाई. राग येतो तुमचा, मंग वाटतं, माझ्यासाठी एवढं माझ्या आईनं बी केलं नसतं, मंग परत राग येतो.

दुसऱ्या दिवशीपासून ऑटोवर भोंगा लागला. अडान्या बायांना फसवून सह्या घेनारीला मत देनार का? गल्लीगल्लीतून. मी आत कनीक मळत होते, भोंगा आमच्या दारात उभा राहिला, मी मळतच राहिले, पीठ घट होऊन दगड झालं. गटाच्या बाया तुमच्याबरोबर यायच्या बंद झाल्या. मी तर कोन्त्या तोंडानं येनार. मनून तुमी एकल्या पिशवी घिऊन एस.टी.नं फिरायला लागल्या, आज शिरूर कासार, उद्या नेकनूर. मनून मांजरसुंब्याला तुमच्यासंगं तांब्या न्हवता.

लिहिलं. लिहिलं बाई एकदाचं.

तुमी जायच्या आदल्या दिवशी आपन भेटलो ते तुमाला आठवत असंल का, तिकडं आठवतं का. एस.टी.च्या थांब्यावर. मी स्वराला अंगनवाडीतून आनत होते. तुमी मनल्या, "पोरगी जेवली का?" मी मनले व्हय. तुमी मनल्या, "आन तू?" तुमी दुसरं काईबी इचारलं न्हाई. नेकनूरची गाडी उभी होती, कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळत होता, येळ होता आक्का, लई येळ होता. मी स्वराच्या नाकाला पदर लावत बसले. तुमी चढल्या.

तुमी गेल्यावर मला वाटलं आता तुमचं नाव काढून टाकतील. गुरुजींनी सांगितलं, अपक्ष मेला तर निवडनूक थांबत न्हाई, नाव मशीनीवर तसंच राहतं. मेलेल्या मानसाचं नाव, बटनासकट. ते ऐकल्यापासून मला झोप न्हाई.

आन दत्ताभाऊजीला बी ते म्हाईत होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी तो गल्लीतल्या बायांना गोळा करून मनला, "हे बघा, नावं लई हायेत मनून दोन मशीनी हायेत. आपलं काम पैलीवर हाय. दुसरीकडं सरकायचं कामच न्हाई. पुठ्ठ्याच्या आड हात दिसत न्हाई, पन कोन कुठं सरकलं ते खांद्यावरून कळतं आमाला. मी एजंट मनून आतच बसलेला असतो." तुमचं नाव दुसरीवर होतं, सत्तावीस नंबर. बाया गेल्या. तो थांबला. स्वराच्या गालाला हात लावून मनला, "लेक मोठी झाली की, वैनी. अंगनवाडीत एकलीच येती जाती का?"

एवढंच मनला. हसून मनला. चांगलंच मनला असंल, काका हाय तिचा. पन मी त्या घडीपासून पोरीला खाली सोडलं न्हाई.

आज सकाळी तिला काखंत घिऊनच गेले. शाळेतली खोली, बोटाला शाई लावली, दत्ताभाऊजी भिताडाला पाठ लावून बाकावर बसलेला, त्याच्या हातात यादी. मी पुठ्ठ्याच्या आड गेले. पैल्या मशीनीपुढं उभी राहिले. स्वरा माझ्या गळ्याला लोंबकळून बघत होती, तिला सगळीकडचे दिवे बघायचे होते. बाहेर कुनीतरी मनलं, चला लवकर.

मी सरकले आक्का. एक पाऊल. मला वाटलं आख्ख्या खोलीला माझ्या चपलीचा आवाज आला. सत्तावीसवर बोट ठिवलं, दाबलं, शिट्टी वाजली. बाजूच्या डब्यात काचंमागं चिट्टी आली. तुमचं नाव, बादली. गुरुजींनी सांगितलं होतं सात सेकंद दिसती. मी बघत राहिले. मंग ती तुटून खाली पडली.

बाहेर ह्ये उभे होते. दत्ताभाऊजी माझ्या मागोमाग बाहेर आला, चार मानसांत मनला, "काय वैनी, दुसऱ्या मशीनीवर काय इसरलं होतं का?" दोघंतिघं हसले. "फसवून सई घेतली बाईनं तुमची, आन तिलाच, मेल्यावर?"

स्वरा पेपसी पायजे मनून केस ओढत होती. मी मनले, "फसवून न्हाई."

"काय?"

"फसवून न्हाई घेतली. फारम मी वाचला होता. लोकसभेचा हाय ते वाचलं, आक्काचं नाव वाचलं, मंग सई केली. आक्का माझ्यासाठी खोटं बोलल्या. मी लबाड बोलले होते, आक्का न्हाई."

आवाज लई बारीक निघाला. पन सुमनकाकू रांगंत होती, तिनं ऐकलं. तिनं तोंडावर पदर धरला. दत्ताभाऊजी ह्यांच्याकडं वळून मनला, "भाऊसाहेब शेतावर हायेत. टँकर घिऊन ये, चावी देऊन जा."

घरापस्तोर ह्ये माझ्या फुडं फुडं चालले. मला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. उंबऱ्यात आल्यावर मनले, "माझ्याशी लबाड बोललीस." मी मनले व्हय. "आक्काला मी भर चौकात बोललो." व्हय. मंग खांबाला टेकून बसले. स्वराला जवळ घेतलं. मंग मनले, "भाऊसाहेबाला काय सांगू?"

मी मनले, "सांगा बायकू ऐकत न्हाई माझं."

"ते गावाला म्हाईतच हाय," मनले, आन चावी घिऊन उठले. हसले का न्हाई ते मला दिसलं न्हाई, पाठ होती.

गुरुजी, हे सगळं वाचायचं हाय उद्या, मदलं गाळू नका. शुद्धलेखन सुधारा, पन गाळू नका. चौकात जेवढी मानसं होती तेवढ्यांनी ऐकलं पायजे. तुमाला भ्या वाटलं तर वही मला द्या, मी वाचंन.

आक्का, उन्हं उतरली. टँकर तिकडंच ठिवून ह्यांना पायी यायचंय, दोन कोस हाय, आतापस्तोर यायला पायजे होते. फोन लावला तर बंद येतोय. बॅटरी संपली असंल. रोजच संपती. तरी परत परत लावतेय. तुमी असत्या तर मनल्या असत्या, भेतीस तर भे, पन आधी पोरीला जेवू घाल. घालते.

रस्त्यानं कुनीतरी येतंय. बाभळीच्या आड हाय, लांब हाय. एक मानूस हाय का दोघं, कळत न्हाई. स्वराला आत घेतलं. दार लावलं न्हाई आक्का.